पान एकशे बारा

पुस्तक मंगळवारी आलं, कुरिअरनं.
पोरगा नियमाप्रमाणे फाटकाबाहेरच थांबला,
सही घेतली खांबावर कागद ठेवून.
आमच्या घरावरची कादंबरी.
लिहिणारी शर्वाणी,
चार वर्षं मागच्या खोलीत राहिली,
जिथं आता इस्त्रीचं टेबल आहे.
तिनं पाठवलं नाही. आम्हीच मागवलं.

जेवणं उरकल्यावर बसलो.
खैरूनं चष्मा पुसला,
इंदूनं पंखा एकवर आणला, पानं उडू नयेत म्हणून.
‘विश्वामित्रीच्या काठी एक घर होतं,
ज्यात पुरुष नव्हते.’
इंदू म्हणाली, थांब गं.
जे नव्हतंच, त्याच्यापासून कशाला सुरुवात?

खैरू पुस्तकात दहा वर्षांनी लहान झाली होती
आणि रात्री गच्चीवर शेर म्हणत होती.
(खैरू रात्री नऊला झोपते. घोरते.)
तरुलताबेन मध्यरात्री निघाल्या होत्या,
अनवाणी, पावसात, मागे वळून न बघता.
‘मी तर दुपारी आले, रिक्षानं,’ त्या म्हणाल्या,
‘मांडवीहून. शिलाईचं मशीन होतं बरोबर,
अनवाणी कशी येणार?’
आणि पापड मोडून खाल्ला.

पुराच्या वर्षी अंगणात मगर आली, हे खरं.
पुस्तकात आम्ही हातात हात घालून उभ्या आहोत,
एकीच्याही डोळ्यांत भीती नाही.
इंदू टाकीवर चढून बसली होती.
मी प्रफुल्लाला शिवी दिली,
मागचं फाटक तिनं उघडं टाकलं म्हणून,
तशी शिवी मी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.
दोन दिवस मगर धुण्याच्या दगडाशी पडून.
धरायला आलेले चौघेही पुरुष,
पहिल्यांदाच फाटकाच्या आत. चहा दिला.
त्यातला सगळ्यात लहान, मिसरूड फुटलेला,
दोरी आवळता आवळता म्हणाला,
मावशी, ही पण बाईच आहे.
किती हसलो होतो.
ते तिनं लिहिलेलंच नाही.

मी वाट बघत होते माझी.
साठ गेलं, नव्वद गेलं.
पान एकशे बारा: ‘कोणीतरी हिशेब ठेवत असे.’

एवढंच.
दूध, लाइट बिल, गॅस,
इंदूच्या भावाला गुपचूप दिलेले दोन हजार,
प्रफुल्लाची इंजेक्शनं, एकेक सगळ्यांत वाटून,
आणि एका महिन्यापासून
भागाकारात एक आकडा कमी.
अठरा वर्षं.
खैरूचा आवाज त्या ओळीवर जरा अडखळला,
किंवा तिला खोकला आला असेल.

सगळ्या झोपल्यावर ओट्यापाशी बसले
शिसपेन्सिल घेऊन.
समासात लिहिलं: रिक्षा. दुपार.
लिहिलं: मगर मादी होती.
प्रफुल्ला तिनं नदीत बुडवली होती, चांदण्यात.
तिथं लिहिलं: दवाखाना, खाट सतरा.
शेवटच्या आठवड्यात सेव-उसळ मागितली, तर्री जास्त.
दोन घास खाल्ले. उरलेली मी संपवली,
जिन्यात उभी राहून.
पुढं समास संपला.

एकशे बारावर पेन्सिल टेकवली
आणि उचलली.
ते वाक्य तसं चूक नव्हतं.

मग वही काढली.
पुस्तक तीनशे पन्नास, टपाल चाळीस.
चौघी आहोत. चारानं भागायला हवं होतं.
पाचानं भागलं, सरळ अठ्ठ्याहत्तर येतात,
पैशांची कटकट नाही.
नावं लिहिली. खैरू, दिले. इंदू, दिले.
तरुलताबेन उद्या देतील.
मी, दिले.
शेवटच्या ओळीत:
शर्वाणी, अठ्ठ्याहत्तर,
येणे.